सिंगल माल्ट स्कॉचची 'पारंपरिक पद्धत': चवीत नेमकं काय उतरतं?

प्रश्न असा आहे: सिंगल माल्ट स्कॉचच्या खोक्यावर 'पारंपरिक पद्धतीने तयार केलेली' असं छापलेलं असतं. या पद्धतीत खरोखर जुनं असं काय उरलं आहे? त्यानं चवीत फरक पडतो का, की ती नुसती जाहिरात?

दोन्ही खरं आहे. काही जुन्या पद्धती चव घडवतात. सावकाश चाललेलं आंबवण, तांब्याच्या भांड्याचा आकार, वाफ थंड करायची तऱ्हा, धार कधी घ्यायची आणि कधी तोडायची याचा निर्णय, आणि शेवटी पिंप. काही पद्धती देखण्या आहेत, जपायलाही हव्यात, पण ग्लासात त्यांचा वाटा थोडा असतो. फरशीवरचं माल्टिंग, म्हणजे बार्ली फरशीवर पसरून तिला मोड आणणं, त्यातलं एक, आणि 'डोंगरातल्या झऱ्याचं पाणी' तर त्याहूनही खाली. जाहिरातीत क्रम बरोबर उलटा असतो, कारण फरशीचे आणि झऱ्याचे फोटो चांगले येतात. आंबवणाच्या हौदात चाललेल्या तासांचा फोटो काढता येत नाही.

मी याच कामात आहे. शिक्षण एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात झालं, नंतर स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात स्टिलहाउसच्या, म्हणजे मद्य गाळायच्या खोलीतल्या, पाळ्या केल्या, आता गोव्यात माल्टच गाळतो. त्यामुळे हाताखालून गेलेल्या गोष्टींवरूनच लिहितो आहे.

आधी कायदा, कारण परंपरेतला बराच भाग आज कायद्यानं बांधलेला आहे. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार सिंगल माल्ट एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेली बार्ली, पाणी आणि यीस्ट वापरून, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे गाळायच्या भांड्यात, एकेक घाणा करून गाळलेली असावी लागते. गाळताना मद्यार्काचं प्रमाण ९४.८ टक्क्यांच्या खालीच ठेवायचं, म्हणजे धान्याचा वास-स्वाद शिल्लक राहतो. मग ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षं. बाटलीत किमान ४० टक्के. बाहेरून फक्त पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमेल घालायची मुभा आहे. बाटली भरणंही स्कॉटलंडमध्येच व्हायला हवं.

या कामाची सर्वांत जुनी लेखी नोंद १४९४ ची आहे. राजाच्या हिशेबवह्यांत जॉन कोर नावाच्या धर्मबंधूला 'जीवनजल' बनवण्यासाठी ८ बोल (धान्याचं जुनं स्कॉटिश माप) माल्ट दिल्याची ती ओळ. त्यानंतर शेकडो वर्षं हे काम बरंचसं शेतघरांतून, चोरूनमारून चाललं. १८२३ च्या अबकारी कायद्यानं परवाना परवडण्याजोगा केला, आणि पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं तो घेतला. आज आपण जिला पारंपरिक पद्धत म्हणतो, तिचा साचा साधारण त्या शतकात बसला.

आता माल्टिंग. बार्ली म्हणजे आपले जव. दाण्यात पिष्ट भरलेलं असतं, पण यीस्टला पिष्ट खाता येत नाही, साखर लागते. म्हणून दाण्याला फसवायचं: भिजवायचं, मोड येऊ द्यायचे, आणि दाणा स्वतःचं पिष्ट मोकळं करू लागला की तिथंच सुकवून थांबवायचं. घरी नाचणीचं सत्त्व करताना आपण हेच करतो. बार्ली दोन-तीन दिवस भिजवतात, मध्ये पाणी काढून हवा देतात. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांवरून ४५ च्या आसपास जातो. मग ती दगडी किंवा सिमेंटच्या फरशीवर वीतभर थरात पसरतात आणि पाच ते सात दिवस लाकडी फावड्यांनी सतत उलटतात. न उलटल्यास आतली उष्णता साठते, मुळ्या एकमेकींत गुंततात आणि सगळ्याची चटई होते. वर्षानुवर्षं हे फावडं मारून माल्टवाल्यांचा एक खांदा उतरायचा.

मोड किती आले हे पाहायची जुनी परीक्षा मला फार आवडते. दाणा सोलून आतला गर अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचा. कडक खडा लागला तर काम अपुरं आहे. ओला गिच्च गोळा झाला तर पाणी जास्त झालं आहे. खडूसारखा पसरला, भिंतीवर ओढल्यावर पांढरी रेघ उमटली, की भट्टीवर न्यायला माल तयार. प्रयोगशाळेचा अहवाल येतो तोवर ही रेघ बरंच सांगून गेलेली असते.

पण आज बहुतेक डिस्टिलऱ्या माल्ट बाहेरून, मोठ्या यांत्रिक कारखान्यांतून आणतात. स्प्रिंगबँक आपला सगळा माल्ट स्वतःच्या फरशीवर करते. बाल्व्हेनी, बोमोर, लफ्रॉइग, किलहोमन यांच्याकडे फरशी आहे, पण त्यांच्या गरजेचा काही भागच तिथं होतो. आणि डिस्टिलरीच्या छपरावर दिसणारा तो पॅगोडा? एल्गिनच्या चार्ल्स डोइग या वास्तुरचनाकारानं १८८९ मध्ये डेल्यूएन डिस्टिलरीसाठी भट्टीचा धूर नीट ओढला जावा म्हणून ते धुराडं काढलं. आज बहुतेक ठिकाणी ते नुसतं छपरावर उभं आहे, खाली भट्टी पेटत नाही. चांगल्या यांत्रिक कारखान्याचा माल्ट फरशीच्या माल्टइतकाच उत्तम असतो, आणि एकसारखेपणात सरसच. फरशी टिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिथं दाणा हाताला कळतो. पण फक्त फरशीच्या नावावर बाटलीचे जास्त पैसे मोजू नका.

भट्टीवर मात्र एक गोष्ट अशी घडते की ती थेट ग्लासापर्यंत पोचते: पीटचा धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत साठलेली वनस्पती. त्याचा धूर दाण्याला चिकटतो तो दाणा ओला असेपर्यंतच, म्हणून पीट सुरुवातीला जाळतात आणि पुढचं सुकवणं गरम हवेवर करतात. धुराचं माप फिनॉलच्या, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या रसायनांच्या, पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) सांगतात. आर्डबेगचा माल्ट ५५ च्या आसपास, लागाव्हुलिनचा ३५ च्या आसपास. पण हे आकडे माल्टचे आहेत, बाटलीतल्या व्हिस्कीचे नाहीत. दळताना, मॅशिंगमध्ये (गरम पाण्यानं माल्टमधली साखर काढताना), गाळताना बराच फिनॉल गळतो, आणि किती उरतो हे धार कुठे तोडली यावर ठरतं. फिनॉल उशिरा उतरतात. म्हणून नुसत्या पीपीएमवरून दोन व्हिस्कींची तुलना करू नये.

दळण आणि मॅशिंग थोडक्यात सांगतो. माल्ट बारीक पीठ न करता भरडतात, साधारण २० टक्के टरफल, ७० टक्के भरड, १० टक्के पीठ, कारण टरफलाचाच थर पुढं गाळणी म्हणून कामाला येतो. मॅश टन नावाच्या मोठ्या भांड्यात त्यावर गरम पाणी तीनदा घालतात. पहिलं ६४ अंशांच्या आसपास, पुढची दोन वाढत्या तापमानाची. तिसऱ्या पाण्यात साखर थोडीच असते, ते पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी होतं. उरलेला चोथा गुरांना जातो. इथं एका गोष्टीकडे लक्ष द्या. निघालेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, नितळ आहे की गढूळ? मॅश सावकाश निथळू दिला की वर्ट नितळ येतो आणि व्हिस्की फळांच्या अंगानं जाते. घाईनं ओढला, पंप जोरात चालवला की गढूळ येतो आणि व्हिस्कीत दाण्याचा, भाजक्या शेंगांचा स्वाद वाढतो. दोन्ही चालतं, फक्त ते ठरवून केलेलं असावं.

पाण्याबद्दल इथंच सांगून टाकतो. पाणी स्वच्छ, भरपूर आणि थंड हवं. चवीत त्याचा हात फार कमी आहे. स्कॉटलंडमध्ये बहुतेकांचं पाणी मृदू आहे, ग्लेनमोरांजीचं कठीण आहे, आणि दोन्हीकडे उत्तम व्हिस्की होते. जुन्या काळी उन्हाळ्यात डिस्टिलऱ्या बंद ठेवत, त्यामागं ओढे आटणं आणि पाणी कोमट होणं हेच मोठं कारण होतं.

आता आंबवण. माझ्या मते व्हिस्कीत सर्वांत दुर्लक्षित झालेला टप्पा हाच. बिअरसाठी वर्ट उकळतात, व्हिस्कीसाठी उकळत नाहीत. त्यामुळे माल्टमधली विकरं (पिष्टाची साखर करणारी एन्झाइम) कामावर राहतात आणि दाण्याबरोबर आलेले लॅक्टिक जिवाणूही जिवंत राहतात. वर्ट २० अंशांच्या आसपास थंड करून वॉशबॅकमध्ये, म्हणजे आंबवणाच्या हौदात, यीस्ट घालतात. पहिल्या दिवशी फेस असा उसळतो की झाकणाखाली पाती फिरवून तो मोडावा लागतो. पाती नव्हती तेव्हा पोरं बर्चच्या फांद्यांनी फेस झोडपत. साधारण ४८ तासांत यीस्टचं मद्य बनवायचं काम आटोपतं, ८ टक्क्यांच्या आसपासची एक ओबडधोबड बिअर, म्हणजे वॉश, तयार होते. हिशेब बघणारा म्हणेल, आता गाळायला घ्या. इथून पुढचे तास मद्यात काहीच भर घालत नाहीत, पण स्वादात घालतात. यीस्ट थकलं की लॅक्टिक जिवाणूंची पाळी सुरू होते. आम्लं वाढतात, त्या आम्लांचे मद्याशी संयोग होऊन एस्टर बनतात, आणि हौदावर वाकलं की सफरचंद, नासपती, पिकल्या अननसाचा वास येतो. ४८ तासांचा वॉश आणि ९० तासांचा वॉश शेजारी ठेवून हुंगा, पुढं कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

लाकडी हौद बरा की स्टीलचा, यावर फार वाद होतात. लाकडाच्या रंध्रांत वाफेनं धुऊनही थोडे जिवाणू तगून राहतात, हे खरं. पण स्टीलमध्ये तास पुरे दिले तर चांगला वॉश होतो, आणि लाकडात घाई केली तर होत नाही. मी तास मोजतो, लाकूड नंतर बघतो.

गाळणं दोनदा होतं. पहिल्या भांड्यात, वॉश स्टिलमध्ये, वॉश तापवतात. तो फेसाळतो, आणि फेस मानेतून वर चढला तर सगळा घाणा बिघडतो. आता मानेला काचेच्या खिडक्या असतात. पूर्वी दोरीला बांधलेला लाकडी गोळा मानेवर आपटून आवाजावरून फेस कुठवर चढलाय ते ओळखत. यातून २२-२५ टक्क्यांचं 'लो वाइन्स' मिळतं. ते दुसऱ्या भांड्यात, स्पिरिट स्टिलमध्ये जातं. गोव्यात काजूच्या भट्टीवर हे तत्त्व बघायला मिळतं: पहिल्यांदा गाळून निघते ती उर्राक, आणि फेणीसाठी ती पुन्हा भांड्यात जाते. तिथंही भांडं तांब्याचं असतं. गोव्यात आलेल्या स्कॉटिश पाहुण्यांना मी काजूच्या हंगामात भट्टी दाखवायला नेतो, आणि दुभाष्याशिवाय त्यांना सगळं कळतं.

दुसऱ्या गाळणीत खरं कसब लागतं. धार तीन भागांत येते. आधी फोरशॉट्स, मग हार्ट, म्हणजे पिंपात जाणारा मधला भाग, शेवटी फेंट्स. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून जिची तारीफ होते, ती इथं बाटलीत जातच नाही. त्या धारेत उग्र, नाकात झोंबणारे पदार्थ असतात. ती वेगळी काढतात आणि शेवटच्या धारेसह पुढच्या घाण्यात परत गाळायला टाकतात. वाया काही जात नाही.

धार वाहते ती स्पिरिट सेफमधून, म्हणजे पितळी चौकटीच्या, कुलूपबंद काचपेटीतून. पूर्वी तिची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असायची. स्टिलमनला मद्याला हात लावता येत नाही, तो बाहेरूनच नळ फिरवतो आणि आतल्या भांड्यांतले हायड्रोमीटर (मद्याची तीव्रता मोजायची साधनं) वाचतो. सुरुवातीची धार तो आतच एका काचेच्या भांड्यात घेतो आणि पाणी मिसळतो. पांढरट, दुधाळ झाली तर अजून फोरशॉट्स. पुन्हा घ्यायची, पुन्हा पाणी. ज्या क्षणी ती पाणी घालूनही नितळ राहते, त्या क्षणी नळ फिरवायचा आणि हार्ट घ्यायला सुरुवात. यातली गंमत अशी की तो दुधाळपणा बव्हंशी आधीच्या घाण्याचा असतो. मागच्या फेऱ्यातल्या शेवटच्या धारेचे जड, तेलकट पदार्थ नळीच्या आतल्या अंगाला चिकटून राहतात आणि नव्या घाण्याची कडक धार ते धुऊन काढते. म्हणजे ही साधी परीक्षा नळी धुतली गेली का तेच विचारते.

हार्ट साधारण ७२-७५ टक्क्यांना सुरू होतं. सुरुवातीला फळं आणि फुलं, मध्ये धान्याची गोडी, पुढं बिस्किट, चामडं, धूर. ६० च्या खाली गेलं की हळूहळू भिजलेल्या पुठ्ठ्याचा, घामट वास डोकावतो. कुठे तोडायचं हे घराघरावर अवलंबून आहे. धुराची व्हिस्की करणारे उशिरापर्यंत थांबतात, हलकी, फळाळ करणारे लवकर तोडतात. आज हा नळ अनेक ठिकाणी संगणक फिरवतो, आणि आकडा ठरलेला असेल तर तो कामही चोख करतो. आकडा ठरवणारं नाक मात्र माणसाचंच लागतं.

भांडं तांब्याचं का? तांबं वाफेतली गंधकाची संयुगं धरून ठेवतं. वाफ तांब्याशी जितका वेळ राहील तितकी व्हिस्की हलकी आणि स्वच्छ. मान उंच असली की जड वाफ थंड होऊन पुन्हा खाली पडते, पुन्हा उकळते, पुन्हा तांब्याला लागते. ग्लेनमोरांजीच्या भांड्यांची मान ५.१४ मीटर उंच आहे, स्कॉटलंडमधली सर्वांत उंच. मॅकॅलनची भांडी बुटकी, म्हणून तिथलं मद्य तेलकट आणि भरीव. भट्टी सावकाश चालवली तर बुटक्या भांड्यातूनही थोडं हलकं काढता येतं, आणि उंच भांडं दामटलं तर त्याच्या उंचीचा फायदा जातो. हे तांबं आतून झिजत जातं. भांडं बदलायची वेळ आली की आकार तंतोतंत तोच ठेवतात. पोचेसुद्धा उतरवून घेतात अशा कथा सांगतात, पण पोच्यानं चव ठरत नाही, मापानं ठरते.

वाफ थंड करायची जुनी तऱ्हा म्हणजे वर्म टब: बाहेर उघड्यावर थंड पाण्याचा मोठा लाकडी हौद, त्यात निमुळती होत जाणारी तांब्याची वेटोळी नळी. वाफ तिच्यात झटकन थंड होते, तांब्याशी सहवास कमी मिळतो, आणि गंधकाचा अंश राहून मद्याला मांसल, भारदस्त अंग येतं. मॉर्टलाख आणि क्रेगेलाची यांत ते स्पष्ट लागतं. आधुनिक कंडेन्सरमध्ये तांब्याच्या पुष्कळ बारीक नळ्या असतात, त्यामुळे तिथं मद्य हलकं होतं. डॅलविनीनं १९८६ मध्ये वर्म टब काढून कंडेन्सर बसवले. मद्याचा स्वभाव बदलला, आणि १९९५ मध्ये पुन्हा वर्म टब बसवावे लागले. थेट जाळाचंही तसंच. ग्लेनफार्क्लासनं १९८० च्या सुमारास वाफेवर भांडं तापवून पाहिलं, मद्याची भरीवता गेलेली दिसली, आणि ते पुन्हा जाळावर आले. खाली थेट आच असली की वॉशमधला गाळ तळाशी किंचित भाजतो, करपू नये म्हणून तांब्याची साखळी तळ खरवडत फिरते. परंपरा ग्लासात उतरते याचे हे दोन पुरावे कोणीही चाखून तपासावेत.

ताजं मद्य पाण्यासारखं नितळ असतं. ते बहुधा ६३.५ टक्क्यांवर आणून पिंपात भरतात. अमेरिकन बर्बनला कायद्यानं नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, म्हणून त्यांची एकदा वापरलेली २०० लिटरची पिंपं स्कॉटलंडला स्वस्तात येतात आणि व्हॅनिला, नारळाची गोडी देतात. शेरीचं ५०० लिटरचं पिंप सुकामेवा आणि मसाला देतं. पूर्वी शेरी पिंपातून ब्रिटनमध्ये येई आणि रिकामी पिंपं हाताशी असत. शेरीची बाटली स्पेनमध्येच भरायची असं ठरल्यापासून आता पिंपं मुद्दाम शेरी भरून 'मुरवून' घ्यावी लागतात. भरण्याआधी प्रत्येक पिंपाच्या भोकाला नाक लावायचं, हा नियम कुठल्याही यंत्रानं हटवू नये. आंबूस किंवा बुरसट वास आला तर ते पिंप बाजूला. दहा-बारा वर्षांची वाट त्या एका हुंगण्यानं वाचते.

जुनी कोठारं दगडी भिंतींची, मातीच्या जमिनीची, पिंपं जेमतेम तीन थरांत. आत हवा गार आणि दमट राहते. दरवर्षी साधारण २ टक्के मद्य उडून जातं. आमच्या गोव्यात आणि बेंगळुरूत हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून बेंगळुरूच्या अमृत किंवा गोव्याच्या पॉल जॉन या माल्टच्या बहुतेक बाटल्यांवर १८ वर्षांचा आकडा शोधू नये. तेवढ्या काळात पिंपात फारसं काही उरणारच नाही, आणि उरेल ते लाकडाच्या अर्कासारखं लागेल. आपल्या हवेत पाच-सहा वर्षांत माल्ट भरदार होतो. वय हा हवेशी जोडलेला आकडा आहे, गोव्याचं वर्ष आणि स्पेसाइडचं वर्ष एकाच मापानं मोजता येत नाही.

खरेदी करताना काय बघावं? खोक्यावरचं 'पारंपरिक' वाचू नका. ४६ टक्के किंवा जास्त, चिल-फिल्टर न केलेली, रंग न घातलेली, असं लिहिलं असेल तर बनवणाऱ्यानं भांड्यातलं बहुतेक सगळं तुमच्यापर्यंत पोचू दिलं आहे. चिल-फिल्टर म्हणजे मद्य शून्याच्या आसपास थंड करून गाळायचं, म्हणजे बर्फ टाकल्यावर ते गढूळ दिसत नाही. त्यात थोडं तेलकट अंगही निघून जातं. आणि फरक स्वतः अनुभवायचा असेल तर ग्लेनमोरांजीची साधी बर्बन पिंपातली आणि क्रेगेलाचीची १३ वर्षांची शेजारी शेजारी घ्या. एक उंच भांड्याची आणि कंडेन्सरची, दुसरी वर्म टबची. दोन्हींत चमचाभर साधं पाणी घाला, बर्फ नको, आणि पिण्याआधी पाच मिनिटं नुसतं हुंगत राहा.